अकिताचे केस भादरण्याबाबत खुलासा

परभणी-नांदेडकडील श्वानपालकांमध्ये सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर असा संदेश फिरत आहे की, जपानी अकिता जातीच्या कुत्र्याचे केस उन्हाळ्यात मुळापासून भादरले म्हणजे त्याला गारवा मिळतो. हे खरे नाही. जपानने १९३१ साली नैसर्गिक वारसा म्हणून जाहीर केलेल्या या जातीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा राठ थर ऊन अडवतो, आतला लोकरीसारखा थर ऋतूप्रमाणे गळतो, आणि कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करीत असल्यामुळे, भादरल्याने कातडी तेवढी उघडी पडते. सुटलेली लोकर मात्र रोज विंचरून काढावी. आमच्याकडे एप्रिलमध्ये एका बैठकीत घमेलेभर निघते. डांबरावर आपला हात टेकवत नसेल, तर त्या वेळी कुत्र्याला फिरायला नेऊ नये.