पक्क्या बिलातला रेट बदलता येत नाही: एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलाय आणि तक्रार अशी, की बिल पक्कं झाल्यावर रेटच्या चौकटीत कर्सर जातो पण आकडा उमटत नाही, म्हणजे आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरात बग आहे. फोन केला तर ‘मुद्दाम केलंय’ एवढंच उत्तर मिळालं. एक्सेलमध्ये असला ताप नव्हता. पैसे आमचे आणि कुलूप तुमचं, असंही शेवटी लिहिलंय. दुकानाचं नाव तुम्ही दिलेलं नाही आणि मीही इथं ओळखायला जाणार नाही. पण सोलापुरात चाटी गल्लीपासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत हाच प्रश्न अधूनमधून येत असतो, म्हणून सगळ्यांसमोरच सविस्तर सांगतो.

बग नाही. आमचं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसवर बनलंय. अ‍ॅक्सेसच्या फॉर्मवर प्रत्येक चौकटीच्या दोन वेगळ्या सेटिंग असतात, एनेबल्ड आणि लॉक्ड. एनेबल्ड बंद केलं की चौकट राखाडी पडते, कर्सर आत शिरत नाही आणि आतलं काही कॉपीही करता येत नाही. एनेबल्ड चालू ठेवून लॉक्ड लावलं, तर कर्सर जातो, मजकूर निवडता येतो, कंट्रोल-सी चालतं, फक्त टाईप होत नाही. आम्ही दुसरा मार्ग घेतला, कारण पक्क्या बिलातला बिल्टी (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) नंबर उचलून पार्टीला व्हॉट्सअ‍ॅप करणं हे तुमच्याकडे दिवसभर चालतं. राखाडी चौकट असती तर तो नंबर प्रत्येक वेळी बघून टाईप करावा लागला असता, आणि मग त्याचा रिव्ह्यू आला असता.

पूर्ण फॉर्मच एका फटक्यात बंद का केला नाही, असंही काहीजण विचारतात. फॉर्मची अलाऊ एडिट्स ही सेटिंग ‘नो’ केली की एका ओळीत काम होतं, खरंय. पण मग वरची पार्टी शोधायची ड्रॉपडाउनसुद्धा मरते, कारण तिच्यात निवड करणं हेही अ‍ॅक्सेसच्या हिशेबी एडिटच. म्हणून चौकटी एकेक करून लॉक केल्यात. समोर बिल आलं की फॉर्म आधी ते कच्चं आहे की पक्कं ते बघतो आणि मग ठरवतो. पेज डाउन दाबत गेलात तर एक बिल उघडं आणि पुढचं बंद दिसतं ते यामुळे. बंद बिलाच्या चौकटी फिकट पिवळ्या होतात, तीच खूण.

आता हे केलंच कशाला? गड्डा जत्रेच्या दिवसांतलं काउंटर डोळ्यासमोर आणा. पार्टीला जुना रेट दाखवायला कालचं बिल उघडलंय, कर्सर रेटमध्ये आहे, तेवढ्यात शेजारचा पोरगा नव्या चादरीच्या टॅगवर स्कॅनर मारतो. स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी दुसरा कीबोर्डच. कर्सर असेल तिथं तो १३ आकडी बारकोड ओततो आणि वर एंटर मारतो. चौकट उघडी असेल तर तो आकडा रेट म्हणून मुकाट्याने घेतला जातो. पुढच्या बिलावर गेलात की अ‍ॅक्सेस न विचारता सेव्हही करतो, ‘बदल ठेवायचे का’ वगैरे विचारायची त्याची रीत नाही. महिनाअखेरीला टोटल बघून मालक बेशुद्ध.

दुसरं कारण कागदाचं. बिल मालाबरोबर गेलेलं असतं. ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांचं ई-इनव्हॉइसही, म्हणजे सरकारी पोर्टलवरची बिलाची नोंद, झालेलं असतं. त्या नोंदीचा नंबर, म्हणजे आयआरएन, एकदा निघाला की पोर्टलवर त्यात बदल करता येत नाही, २४ तासांत रद्द तेवढा करता येतो. लहान फर्मचंही बिल पुढं जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नमध्ये जातं आणि समोरच्याच्या २बी मध्ये, म्हणजे त्याच्या टॅक्स क्रेडिटच्या उताऱ्यात दिसतं. तुमच्या मशीनवर रेट बदलला म्हणून तिथला बदलत नाही, उलट पार्टीचं क्रेडिट अडकतं आणि फोन तुम्हालाच येतो. रेट जास्त लागला असेल तर क्रेडिट नोट, कमी लागला असेल तर डेबिट नोट. पिवळ्या बिलावर ‘दुरुस्ती’ बटण आहे, ते मूळ बिलाच्या नंबरासकट नोट बनवून देतं.

आता कुलूप कुणाचं? किल्ली मालकाच्या पासवर्डात आहे, आणि तो इन्स्टॉलेशनच्या वेळी मालकच टाकतात. आमच्या ऑफिसात तो नसतो. ई-इनव्हॉइस निघालेलं नसेल तर मालक पक्कं बिल पुन्हा कच्चं करू शकतात. जुना आकडा, नवा आकडा, कुणी आणि कधी बदललं, हे वेगळ्या टेबलात नोंदलं जातं. ती नोंद बंद करायची सोय नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून अशी नोंद सक्तीचीच आहे. प्रोप्रायटरी फर्मला तो नियम लागू नाही, तरी आमच्याकडे ती सगळ्यांना आहे.

फॉर्मवरचं कुलूप म्हणजे दाराची कडी, हे आम्हालाही ठाऊक आहे. टेबल थेट उघडणाऱ्याला ते अडवत नाही. म्हणून आकडे एसक्यूएल सर्व्हर या वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवलेत आणि पक्क्या बिलाचा बदल तिथंही अडतो.

एक्सेलचं म्हणाल तर तिथं प्रत्येक सेल मुळातच लॉक्ड असतो. शीट प्रोटेक्ट करेपर्यंत ते लागू होत नाही, एवढंच. तुमच्याकडे कुणी केलं नसावं.

रेट उघडा ठेवलेली वेगळी आवृत्ती द्या, ही मागणी मात्र मान्य होणार नाही, जादा पैसे दिले तरी. ऑपरेटरच्या लॉगिनला ‘दुरुस्ती’ बटण दिसत नसेल, तर मालकांच्या लॉगिनमधून युजर हक्कांत जाऊन टिक करा, लगेच दिसेल. आणि एवढं सांगूनही एक्सेलवरच परत जायचं असेल तर फोन करा, सगळी बिलं आणि पार्टीची खाती एक्सेलमध्ये काढून देऊ. त्याचे पैसे लागत नाहीत.