भाडेकरू ठेवताना खिळ्यापासून सावध राहा

खोली भाड्याने देताय? उत्तम! गोव्यात पर्वरीला नाहीतर वेर्ण्याच्या बाजूला हल्ली नुसत्या खाटेचंही भाडं येतं, मग तुमचं तर आजोबांनी बांधलेलं ऐसपैस घर. मोठ्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात, प्लायवूडच्या तीन भिंती उभ्या करा, झाल्या चार खोल्या. वर मंगळुरी कौलं, कौलांखाली पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं लाकूड. पेटायला याहून सुकं काही मिळणार नाही, पण ते भाडेकरूला कशाला सांगायचं?

करार अकरा महिन्यांचा करा. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, हे कलम ठळक अक्षरांत हवं. पाहुणा रात्री किती वाजेपर्यंत बसणार, पाणी किती वापरायचं, तेही लिहा. आगीबद्दल मात्र चकार शब्द नको. शुभ कामात अशुभ बोलू नये.

मग चोराचा बंदोबस्त. सगळ्या खिडक्यांना पक्कं ग्रिल ठोका, मागच्या दाराला कुलूप घाला आणि किल्ली तुमच्या घरी, चतुर्थीच्या सामानाच्या डब्यात ठेवा. म्हापशाला मी एका अशाच खोलीत दोन वर्षं काढली. किल्ली मागितली तर मालक म्हणाले, ‘‘पुढचं दार आहे ना?’’ होतं. त्याच्या शेजारीच गॅसची शेगडी होती.

गॅसवरून आठवलं. सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात ठेवा आणि कपाटाला फट राहू देऊ नका. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचून राहतो. मुळात त्याला वासही नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. कपाट घट्ट बंद असलं म्हणजे तेवढाही त्रास नाही. रबरी पाइपवर छापलेली मुदत उलटली असेल तर छापलेली बाजू भिंतीकडे फिरवा. 1906 हा गळतीचा नंबर दाराशी चिकटवू नका, रंग खराब होतो.

विजेचं काम सर्वांत सोपं. गीझर, इंडक्शन आणि इस्त्री एकदम लावली की एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा खटका, पडतो आणि भाडेकरू रात्री दहाला फोन करतो. सोळा अँपिअरचा काढून बत्तीसचा बसवा. वायर तीच राहू द्या, ती भिंतीच्या आत आहे, कुणाला दिसतेय? आता एमसीबी पडणार नाही, आतल्या आत वायर वितळेल. फोन मात्र थांबतील.

डिसेंबर 2025 मध्ये हडफड्याच्या नाइट क्लबला आग लागून 25 माणसं गेली, बरीचशी धुराने गुदमरून. चार दिवस आपणही चहाच्या गाड्यावर क्लबवाल्यांच्या नावाने बोटं मोडली. पण ते क्लब, आपलं देवघर असलेलं घर. शिवाय राष्ट्रीय बांधकाम संहितेत 15 मीटर आणि त्यावरची इमारत उंच समजतात, कडक नियम तिथून सुरू होतात. तुमचं घर तळमजला अधिक एक. धुराने संहिता वाचलेली असणार, तो खालच्या घरांत शिरायचा नाही.

कुणी फारच मागे लागलं तर एक लाल अग्निशामक सिलिंडर आणा. जिन्याखाली, जुन्या स्कूटरच्या मागे टांगा. त्याच्या दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे बघत बसू नका. पेटत्या तेलावर पाणी ओतायचं नसतं, हेही भाडेकरूला सांगू नका. शिकलेला माणूस आहे, अनुभवाने कळेल. गाडी लावायला जागा हवी म्हणून गेटसमोरचा रस्ता निम्मा अडवाच. 101 फिरवल्यावर बंब येईल, वळणावर थांबेल, जवान पाइप घेऊन धावतील. त्यांना तेवढाच व्यायाम.

अनामत रक्कम मात्र तीन महिन्यांची घ्या. उद्या भिंती काळ्या पडल्या तर रंगाचा खर्च त्यातून वळता करता येतो. परत मागायला कोण आलं, भाडेकरू की त्याचे आईवडील, ते बघून सही घ्या. आणि हो, खिळ्याचं भोक दिसलं तर त्याचे वेगळे कापा.