पंक्चरं मोजून टायर बदलू नका

सायकलवाल्यांमध्ये एक मेसेज बराच फिरतो आहे. त्यातला सल्ला असा: एका चाकाला तीन पंक्चरं झाली की टायर-ट्यूब दोन्ही बदला, पॅच मारलेली ट्यूब भरवशाची नसते, नक्षी झिजली की टायर पावसात घसरतो, बाजूला भेगा दिसल्या की टायर संपला, आणि नवा टायर घेतलात तर तो मागे लावून मागचा पुढे टाका. पहिल्या चार मुद्द्यांनी फार तर खिशाला चाट बसेल. पाचव्याने दात पडू शकतात.

पंक्चरांच्या संख्येपासून सुरुवात करू. भोक पडतं ट्यूबला आणि शिक्षा टायरला, हा न्याय काही पटत नाही. पंक्चर किती झाली यापेक्षा कुठे झाली हे बघायचं. त्यासाठी ट्यूब काढण्याआधी वॉल्व्हच्या जागी टायरवर खडूने खूण करा आणि ट्यूबची डावी बाजू कोणती हे लक्षात ठेवा. भोक सापडलं की ट्यूब त्याच दिशेने टायरवर ठेवून बघा, कारण बहुतेक वेळा तिथेच कळतं.

भोक रस्त्याच्या बाजूला आणि दरवेळी त्याच जागी असेल, तर काटा अजून टायरमध्येच आहे. सराट्याचं मोडलेलं टोक, बाभळीचा काटा, काचेची कणी किंवा ट्रकच्या फुटलेल्या टायरातली केसासारखी तार बाहेरून दिसत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे धागे अडकतील तिथे टोक आहे. नुसतं बोट फिरवलंत तर तेही सापडेल, पण रक्तासकट. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकलेली असते किंवा स्पोकचं टोक निपलच्या (स्पोक रिमला घट्ट धरणाऱ्या छोट्या नटाच्या) वर आलेलं असतं. एकमेकांशेजारी दोन बारीक चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिम व टायरच्या मध्ये चिमटली. या दोन्ही दुखण्यांवर नवा टायर हा उपाय नाही, पट्टी आणि पंप हा आहे.

पाण्यात धरूनही बुडबुडे येत नसतील आणि सायकल जुन्या धाटणीच्या वॉल्व्हची असेल, तर वालट्यूब बघा. वॉल्व्हच्या आत बसणारी ही इवलीशी रबरी नळी कुजली की रात्रभरात चाक बसतं. हवा भरून वॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावा. फुगा आला तर नळी बदला, काम झालं.

मेसेजमध्ये तथ्याचा अंश आहे तो एवढाच: टायर मधोमध झिजून सपाट झाला असेल आणि प्रत्येक पंक्चर नव्या जागी होत असेल, तर रबर पातळ झालंय आणि टायर खरंच गेलाय. पण हे डोळ्यांनी बघून ठरतं, आकडा मोजून नाही.

पॅचबद्दल: नीट बसलेला पॅच ट्यूबच्या आयुष्याइतका टिकतो. सुटतो तो घाईमुळे. पॅचपेक्षा थोडा मोठा भाग पॉलिशपेपरने घासून काळा चकचकीतपणा घालवायचा. ट्यूबची मधली उंच शीर तिथून जात असेल तर तीही सपाट करायची, नाहीतर हवा तिच्याकडेने वाट काढते. सोल्यूशनचा पातळ थर द्यायचा आणि चार-पाच मिनिटं थांबायचं. ओलेपणाची चमक जाऊन बोटाला चिकटेनासं झालं की मगच पॅच ठेवून मधून कडेकडे दाबायचा. ओल्या सोल्यूशनवर पॅच ठेवणं ही नेहमीची चूक. फुंकर मारून वाळवणं ही दुसरी, त्याने तोंडातली वाफ बसते. ट्यूब टाकून द्यायची ती वॉल्व्हच्या बुडाशी फाटली, शिवणीवर उकलली किंवा पॅचवर पॅच चढायची वेळ आली तर.

नक्षीचा मुद्दा मोटारीवरून उचललेला आहे. मोटारीचा रुंद टायर वेगात पाण्यावर तरंगू शकतो. सायकलचा अरुंद, गोल टायर रोजच्या वेगात पाणी कापत जातो. डांबरी रस्त्यावर गुळगुळीत टायर उत्तम चालतो, रस्त्याच्या अनेक सायकलींना तो नवाकोराच तसा येतो. चिखलात आणि मुरमाच्या वाटेवर गोष्ट वेगळी, तिथे गट्टे हवेतच. ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर किंवा सांडलेल्या ऑइलवर मात्र नक्षीवालाही घसरतो.

आता भेगा. टायरची ताकद रबरात नसते, आतल्या दोऱ्यांच्या कापडात असते. उन्हात उभ्या राहिलेल्या सायकलच्या टायरवर बाजूला केसाएवढ्या भेगा पडतात. त्या वरच्या रबरापुरत्या असतील तर टायर चालतो. भेगेतून दोरे दिसू लागले, की गेला. कापला गेला असेल तर नेहमीएवढी हवा भरून काप बघा. काप मिटलेला राहिला आणि आतून दोरे शाबूत असले, तर अडकलेली काच सुईने काढा आणि चालवा. दोरे तुटलेत पण काप रस्त्याच्या बाजूला, फार तर अर्धा सेंटिमीटर असेल, तर आतून गेटर, म्हणजे टायरचंच ठिगळ, लावता येतो. जुन्या टायरच्या पातळ बाजूचा चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, कडा ब्लेडने तासून उतरत्या करायच्या (जाड कड राहिली तर तीच ट्यूब घासून भोक पाडते) आणि सोल्यूशनने चिकटवायचा. वाटेत काहीच नसेल तर घडी घातलेली नोट किंवा टूथपेस्टच्या ट्यूबचा तुकडा घरापर्यंत पोचवतो. घरापर्यंतच.

बाजूचा काप, हवा भरल्यावर येणारा फुगा आणि टायरला रिमवर धरून ठेवणारी कडेची तार तुटणं, या तिघांना दुरुस्ती नाही. फुगा नुसता डोळ्यांनी कळत नसेल तर चाक फिरवा आणि नक्षीच्या मधल्या रेषेकडे बघा. रिम सरळ फिरतेय पण रेषा सापासारखी वळतेय, म्हणजे आत दोरे तुटलेत. मात्र आधी रिमलगतची बारीक रेघ दोन्ही बाजूंनी सगळीकडे सारखी दिसते का ते तपासा. नसेल तर टायर नुसता नीट बसलेला नाही. बाजू घासून फाटली असेल तर ब्रेकचा गट्टू टायरला लागतोय का तेही बघा, नाहीतर नव्या टायरचीही तीच गत होईल.

आणि तो पाचवा सल्ला. मागच्या चाकावर वजन जास्त आणि पेडलचा जोरही त्यालाच, म्हणून मागचा टायर आधी झिजतो. मेसेजप्रमाणे केलंत तर सगळ्यात झिजलेला टायर पुढे येतो. मागचा फुटला तर सायकल डुलते, पण बहुतेकदा सावरता येते. पुढचा फुटला तर हँडलच ताब्यात राहत नाही. तेव्हा नवा टायर पुढे, पुढचा अर्धवट झिजलेला मागे, आणि मागचा भंगारात (त्यातून गेटरचे तुकडे कापून घेतल्यावर).

नवा घेताना इंचांवर जाऊ नका. ‘सव्वीस’ नावाने 559 आणि 590 असे दोन्ही टायर मिळतात आणि ते एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. साध्या काळ्या सायकलचा 28×1½ म्हणजे 635, रोड सायकलचा 700सी म्हणजे 622. टायरच्या बाजूला 40-635 असा जोडआकडा कोरलेला असतो: पहिला रुंदीचा, दुसरा रिमवर बसणाऱ्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुकानात दुसरा आकडा तंतोतंत जुळवा. पहिल्यात थोडा फरक चालतो, फक्त टायर फ्रेमला आणि मडगार्डला घासत नाही ना, एवढं चाक फिरवून बघा.