नकाशावर हिरवं दिसतं म्हणून अधिवास चांगला?

ज्या लेखाबद्दल हे लिहितोय, त्यात उपग्रह-नकाशांवरून शहरांभोवती हिरवं क्षेत्र किती उरलं ते मोजलंय. चांगलंच आहे, पण हिरवं म्हणजे अधिवास, म्हणजे प्राणी-पक्ष्यांचं घर, हे समीकरण आमच्या मराठवाड्यात चालत नाही. इथलं खरं रान म्हणजे माळ. उन्हाळ्यात पिवळाधमक, सरकारी दप्तरी 'पडीक'. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल यांचं घर तेच. तिथे गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया या झाडाची) रोपं लावली की नकाशा हिरवा होतो आणि काळवीट निघून जातं.

दुसरं म्हणजे नुसतं क्षेत्रफळ मोजून काय होणार? पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचंच घ्या. १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे, नाथसागराचं, म्हणजे त्या धरणाच्या जलाशयाचं, पाणीही जागेवर आहे. पण हिवाळ्यात येणारे क्रौंच रात्री उथळ पाण्यात उभे राहतात आणि दिवसा हरभऱ्या-ज्वारीच्या रानात चरतात. पट्टकदंब ही रानहंसांची जातही शेतातच चरायला जाते. म्हणजे पैठणच्या बाजूची शेतं हा त्या अभयारण्याचाच भाग झाला, कागदावर नसला तरी. आता छत्रपती संभाजीनगरहून निघणाऱ्या पैठण रस्त्यावर बिडकीन, जालना रस्त्यावर शेंद्रा, मिळून दहा हजार एकरांच्या आसपास औद्योगिक क्षेत्र. त्याभोवतीचं प्लॉटिंग वेगळंच! एनए (बिगरशेती) झालेल्या जमिनीला आधी तारेचं कुंपण पडतं, मग मुरूम, मग रात्रभर दिवे, आणि मोकाट कुत्री. इमारत उभी राहायच्या कितीतरी आधी टिटवीची अंडी गेलेली असतात.

रोजगार हवाच, आमचीच पोरं पुण्याला जातात. पण विकास आराखड्यात ओढे आणि गायरानं सलग ठेवायला काय हरकत आहे? लेखकांनी पुढच्या भागात यावरही लिहावं.