‘खरा बेळगावकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात वादात असलेल्या सीमाभागावरच्या माझ्या लेखाखाली ‘खरा बेळगावकर’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिथेच चार ओळी लिहायला बसलो होतो, पण उत्तर लांबलं, म्हणून ही वेगळी नोंद.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. मी एवढंच म्हटलं होतं की दोन भाषा शेजारीशेजारी नांदतात म्हणून तणाव होत नाही. वरच्यांनी प्रश्न निकालात न काढता लोंबकळत ठेवला की खालच्यांच्या रोजच्या बारीकसारीक गोष्टी, म्हणजे पाटी, नोटीस, बसचं तिकीट, निष्ठेच्या परीक्षा होऊन बसतात. त्यावर या सद्गृहस्थांचं म्हणणं असं: “पुण्यात बसून बेळगावच्या तणावावर लिहायला काय जातंय? लेखात कानडी माणूस कुठेच नाही, असलाच तर हातात दगड घेऊन. महाजन आयोग (सीमातंट्यावर केंद्राने नेमलेला) मागितला आपणच आणि निकाल आवडला नाही म्हणून झिडकारला आपणच, हे एका ओळीत उडवलंत. महाराष्ट्रात परभाषकांना मारहाण होते तेव्हा लेखणी कुठे जाते? आणि शीर्षक म्हणजे निव्वळ वाचक गोळा करायचा धंदा.”

शीर्षकाचं आधी उरकतो. ‘धुमसतं बेळगाव’ हे भडक होतं, मान्य. आता ते साधं केलंय. योग्य टीका मी ऐकतो, हे यावरून आपल्या लक्षात यावं.

आता ‘पुण्यात बसून’. महोदय, आपण स्वतःचं नाव दिलेलं नाही, गल्लीचंही नाही. फक्त ‘खरा’ हे विशेषण लावून घेतलंत. म्हणजे मी खोटा. युक्तिवाद सुरू होण्याआधीच समोरच्याला परका ठरवून मोकळं व्हायचं, ही रीत आपण कुठून उचललीत? बंगळुरात बसलेल्या संघटनांनी बेळगावातल्या मराठी माणसाला वर्षानुवर्षं हेच सुनावलंय: तू इथला नाहीस, तू तिकडे जा. आपण तेच मला मराठीत सुनावलंत, इतकाच फरक.

तेव्हा नाइलाजाने घरचं सांगतो. माझा जन्म शहापूरचा. शहापूर कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असेलच, खरे असाल तर. आजोबांचं साड्यांचं लहानसं दुकान होतं. संस्थानं विलीन होईपर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव ब्रिटिश मुलखात. माझे आजोबा एकाच घरात राहून सांगली संस्थानात जन्मले, मुंबई राज्यात त्यांनी धंदा केला, म्हैसूर राज्यात म्हातारे झाले आणि 1973 नंतर कर्नाटकात वारले. उंबरा एकच, सरकारं चार. त्या जुन्या सांगलीच्या हद्दीवरून कोणी कोणाच्या तोंडाला काळं फासल्याचं आजोबांनी कधी सांगितलं नाही. कारण ती हद्द ओलांडताना कुठली भाषा बोलतोस, असं कोणी विचारत नव्हतं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचनेत जी हद्द आली तिने तेच विचारलं. तीही आली ती अख्खा बेळगाव जिल्हा उचलून म्हैसूर राज्याला देऊन. फक्त चंदगड तालुका वेगळा काढून कोल्हापूरला जोडला.

माझ्या वडिलांच्या वेळची एक गोष्ट. एका सरकारी कार्यालयातून (नाव लिहीत नाही, माणसं अजून हयात आहेत) घराबाबत एक नोटीस आली, संपूर्ण कन्नडमध्ये. ती शेजारच्या अज्जीच्या मुलाने वाचून दाखवली. कानडी घर, चूल वेगळी एवढंच. आमची आई त्यांच्याकडून गूळ आणायची नि त्या आमच्याकडून भाजणी. तिथे तणाव नव्हता. वडील मराठी प्रत मागायला गेले, तर खिडकीमागचा कारकून म्हणाला, कन्नड शिका, नाहीतर महाराष्ट्रात जा. हाच कारकून संध्याकाळी चहाच्या टपरीवर वडिलांशी अस्खलित मराठीत गप्पा मारायचा. मग सकाळी काय झालं होतं? सकाळी त्याच्या पाठीमागे त्याचा साहेब उभा होता. माझा सगळा लेख या एका माणसाबद्दल होता, महोदय. त्याला मराठीचा द्वेष नव्हता. साहेबासमोर मराठी बोललो तर आपल्याकडे कसं बघतील, याची त्याला धास्ती होती. ती धास्ती त्याच्या मनात कोणी घातली, हा प्रश्न. तो आपण वाचलाच नाहीत. आपण ‘पुणे’ वाचलंत आणि थांबलात.

ही मराठी प्रत काही मेहरबानी नव्हती, हेही सांगून ठेवतो. राज्यपुनर्रचनेच्या वेळीच केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांसाठी व्यवस्था ठरवून दिली होती. ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे 15 टक्के वा त्याहून जास्त असतील, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही द्यावेत. बेळगावात मराठी लोक 15 टक्के आहेत की नाहीत, हे समजायला गणिती लागत नाही. तरी परिपत्रकं मराठीत द्या, ही मागणी इतकी वर्षं मोर्चे काढून करावी लागते. अर्ज करून मिळण्यासारखी वस्तू मोर्चा काढूनही मिळत नाही, तेव्हा ती वस्तू राहत नाही, तिचा झेंडा होतो. नोटिशीचं तेच झालं.

शाळेचंही तेच. 1986 च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधात आंदोलन झालं, गोळीबारात नऊ माणसं गेली, हिंडलग्याला स्मारक आहे. माझ्या मामाच्या पाठीवर त्या दिवसातल्या लाठीचा वळ होता. आपल्याकडे असं काही दाखवण्यासारखं असेल तर जरूर लिहा. आणि ‘बसून’ म्हणाल तर, पोटापाण्यासाठी गाव सोडणारा मी पहिला नाही. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत जोरात, बेळगावी ढंगात ‘काय की’ म्हणून बघा, दोन तरी खिडक्या उघडतील. गाव सोडलं म्हणून गावाबद्दल बोलायचा हक्क जातो, असा नियम असेल तर सीमाप्रश्नावर मुंबईत झालेली निम्मी भाषणं रद्द करावी लागतील. (त्यातली काही रद्द झाली तर मला दुःख होणार नाही, ते वेगळं.)

‘लेखात कानडी माणूस नाही’. आहे, पण तुम्हाला हवा तसा नाही. बेळगावात 1924 साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष होते, तेवढ्या एकाच अधिवेशनाचे. ते भरवण्यात पुढे होते हुदलीचे गंगाधरराव देशपांडे. टिळकांचा कट्टर अनुयायी आणि लोकांच्या तोंडी ‘कर्नाटकाचा सिंह’, हे एकाच माणसाला जमत होतं. त्याच अधिवेशनात हुइलगोळ नारायणरावांचं कन्नड नाडूच्या उदयाचं गीत झालं आणि गाणाऱ्यांत लहानग्या गंगूबाई हनगल होत्या. बावीस वर्षांनी, 1946 मध्ये, त्याच बेळगावात मराठी साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला. एकाच गावाने दोन्ही स्वप्नं पाहिली आणि दोन्ही वेळा गाव पेटलं नाही. स्वप्नांची भांडणं कोर्टकचेरीच्या वाटेला लागली ती नंतर. हे लेखात होतं. पाचव्या परिच्छेदात. वाचायचे कष्ट घ्यावे लागतात.

महाजन आयोगाबद्दल. आपला सगळ्यात मोठा दारूगोळा हाच दिसतो. ठीक आहे, सेनापती बापटांच्या उपोषणानंतर महाराष्ट्राच्या आग्रहावरून 1966 मध्ये आयोग नेमला गेला, पुढच्या वर्षी अहवाल आला, त्यात बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवलं आणि महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. हे मी नाकारलंय कुठे? पण त्या अहवालावर बॅरिस्टर अंतुल्यांनी अख्खं पुस्तक लिहिलंय. केरळातल्या कासरगोडला एक माप आणि बेळगावला दुसरं कसं लावलं गेलं, यावर इतकी शाई खर्च झाली आहे की मी पुन्हा ते दळण दळत बसणार नाही. ज्यांना त्यात रस आहे त्यांनी ते वाचावं. माझा विषय तो नव्हता.

माझा विषय होता की अशी भांडणं मिटतात कशी, आणि इथे का मिटलं नाही. आंध्र आणि मद्रास यांच्यातही हाच तंटा होता. तिथे पाटसकरांना मध्यस्थ नेमलं. त्यांनी जिल्हा किंवा तालुका न धरता खेडं हा घटक धरला, भाषेचं बहुमत आणि सलगता पाहिली, 1959 मध्ये संसदेत कायदा झाला आणि 1 एप्रिल 1960 पासून गावं इकडची तिकडे गेली. तिरुत्तणी मद्रासकडे आली. दोन्ही बाजूंचे काही लोक नाराज राहिले असतील, राहतातच. पण तिरुत्तणीच्या रस्त्यावर कोणी बसची पाटी बघून दगड मारल्याचं तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? महाराष्ट्र तेव्हापासून हेच मागतोय, खेडं घटक धरा. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा गेला. तेव्हा जन्मलेली पोरं आता मतदान करतात आणि निकाल अजून नाही.

अशा लोंबकळत्या प्रश्नाचं काय होतं ते 2022 च्या हिवाळ्यात सगळ्यांनी पाहिलं. दाव्याची सुनावणी तोंडावर आली. इकडे महाराष्ट्राने समन्वयासाठी दोन मंत्री नेमले. तिकडे मुख्यमंत्री बोम्मईंनी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यावर हक्क सांगितला. कशाच्या आधारावर? जतच्या दुष्काळी गावांनी पूर्वी पाण्यासाठी वैतागून केलेल्या ठरावांच्या. म्हणजे पाणी मागणाऱ्या माणसाच्या तोंडी राष्ट्रीयत्वाची भाषा घातली गेली. (जतला पाणी वेळेत का पोचलं नाही, याचं उत्तर मुंबईने द्यायचं आहे, बंगळुराने नाही. हेही मी लिहिलं होतं, पण ते तुम्हाला कशाला दिसेल.) 6 डिसेंबरला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले. इकडे स्वारगेटला कर्नाटकच्या बसना काळं फासलं. मग एसटी बंद, तिकडची बस बंद. चंदगडच्या माणसाचा बाजार आणि दवाखाना दोन्ही बेळगावात. त्याला कोल्हापूर लांब पडतं. त्याने काय करावं, हे ना दगड मारणाऱ्याने सांगितलं ना काळं फासणाऱ्याने. 14 तारखेला दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्री अमित शहांसमोर बसले आणि महिना संपायच्या आत दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले.

आणि फेब्रुवारी 2025. बेळगावजवळच्या बाळेकुंद्रीच्या बसमधलं तिकीट, मुलगी मराठीत बोलली, कंडक्टर म्हणाला मला मराठी येत नाही, कन्नडमध्ये बोला. त्याला मारहाण झाली. त्याच्यावरही तक्रार दाखल झाली, मग चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या बसच्या चालकाला काळं फासलं, पुन्हा दोन्हीकडच्या बस बंद, पुढच्या महिन्यात कर्नाटक बंदची हाक. मारणारे मराठी होते, आणि ते चूक होतं, हे मी मूळ लेखात स्पष्ट लिहिलं होतं. ‘असलाच तर दगड घेऊन’ असं लिहिणाऱ्याने ते ओलांडून पुढे जावं, याला काय म्हणायचं? एका तिकिटाचं भांडण चार दिवसांत दोन राज्यांचं झालं, कारण ते चढायला जिना आधीपासून तयार होता. तो जिना कोणी बांधला ते सांगत होतो, तर तुम्ही माझा पत्ता विचारताय!

महाराष्ट्रातल्या परभाषकांचा मुद्दा इथे गैरलागू आहे. त्यावर लिहीन तेव्हा या. मी कुठल्या विषयावर कधी लिहावं याचं वेळापत्रक वाचकांनी ठरवू नये, एवढी माफक अपेक्षा.

शेवटी आपण विचारलंत, ‘कन्नड वाचता तरी येतं का?’ येतं. शाळेत होतं. बसच्या पाट्या, पेपरचे मथळे, लग्नपत्रिका वाचतो. बोलताना क्रियापदं चुकतात आणि धारवाडचे व्याही हसतात. तुम्हाला किती येतं ते विचारणार नाही, कारण ‘खऱ्या’ माणसाला असले प्रश्न विचारायचे नसतात.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. तिच्याखाली रात्री उशिरा दुसऱ्या नावाने एक आली होती, तीत माझ्या वडिलांचा उद्धार होता, ती काढली. ती तुमचीच होती असं मी म्हणत नाही. शुद्धलेखनाच्या चुका मात्र त्याच होत्या.