चिकटलेलं पामिटेट सुटतंही

सध्या एक संदेश फार फिरतो आहे. त्याचा आशय असा: पाम तेलातलं पामिटिक आम्ल पेशीतल्या प्रथिनांना चिकटतं, याला शास्त्रज्ञ ‘पामिटॉयलेशन’ म्हणतात. एकदा ते चिकटलं की प्रथिन कायमचं निकामी होतं, आणि त्यातूनच कॅन्सर व मेंदूचे आजार होतात. म्हणून तेल बंद करा, म्हणजे चिकटणंही बंद.

मी जीवरसायनशास्त्र शिकवते. पहिल्यांदा वाचून मी तो सोडून दिला होता. मग वर्गातल्या एका मुलीने ‘मॅडम, हे खरं आहे का?’ म्हणून मोबाइल पुढे केला. यातला शब्द खरा आहे, पामिटेट (पेशीतलं पामिटिक आम्लाचं रूप) प्रथिनांना जोडलं जातं हेही खरं आहे. त्यापुढचं जवळजवळ सगळं चुकलेलं आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पामिटेट फक्त बाहेरून येतं, हा पहिला गैरसमज. पेशी ते स्वतःच बनवतात. मेदाम्लं घडवणारं फॅटी ॲसिड सिंथेज हे एन्झाइम दोन-दोन कार्बन जोडत साखळी वाढवतं आणि 16 कार्बन झाले की सोडून देतं. ती 16 कार्बनांची साखळी म्हणजेच पामिटेट. पाम तेलात त्याचं प्रमाण 40 टक्क्यांच्या वर असतं खरं, पण आईच्या दुधातल्या स्निग्धांशातही ते साधारण 20 ते 25 टक्के असतं. तेव्हा तेल सोडलं म्हणून पामिटॉयलेशन थांबत नाही. आणि ते खरोखर थांबलं, तर पेशीचेच हाल होतील.

‘एकदा चिकटलं की कायमचं’ हे तर प्रयोगशाळेत सहज खोटं ठरतं. पामिटेट सहसा प्रथिनातल्या सिस्टीन या अमिनो आम्लावर थायोएस्टर नावाच्या, गंधकातून जुळणाऱ्या बंधाने बसतं, आणि हा बंध तसा नाजूक. नमुन्यातल्या मोकळ्या सिस्टीन आधी झाकून टाकायच्या, मग नमुन्याचे दोन भाग करायचे. एका नळीत हा बंध तोडणारं हायड्रॉक्सिलअमिन हे रसायन घालायचं, दुसरीत नाही. सामू सातच्या आसपास, तापमान खोलीचंच. पहिल्या नळीत पामिटेट सुटतं, मोकळ्या झालेल्या सिस्टीनला बायोटिन या रेणूची सहज ओळखता येणारी खूण जोडता येते आणि शेवटी चाचणीच्या चित्रात त्या नमुन्याच्या जागी पट्टी उमटते. दुसऱ्या नळीची जागा कोरी राहते. पट्टी पहिल्यांदा बघणारी मुलं त्या कोऱ्या जागेकडे दुर्लक्ष करतात. मी त्यांना आधी तीच बघायला लावते, कारण पट्टीवर विश्वास बसतो तो तिच्यामुळे.

पेशीत हे काम एन्झाइम करतात. माणसात पामिटेट बसवणारी झेडडीएचएचसी कुळातली 23 एन्झाइम आहेत. काढणारी वेगळी: एपीटी1, एपीटी2, एबीएचडी17 वगैरे. सॉनिक हेजहॉग या पेशींना संकेत देणाऱ्या प्रथिनासारख्या थोड्या प्रथिनांवर पामिटेट अमाइड या मजबूत बंधाने पक्कं बसतं, हा अपवाद. पण तिथेही प्रथिन निकामी होत नाही, उलट पामिटेटशिवाय त्याचा संकेत दुबळा पडतो.

पेशीला वाढीचे संकेत पोचवणारं एन-रास हे प्रथिन बघा. त्याच्या टोकाला आधीच एक मेदशेपटी असते, पण तेवढ्याने ते पेशीतल्या पटलाला (पातळ आवरणाला) जेमतेम टेकतं. गॉल्जी या पेशीतल्या प्रथिनं पाठवणाऱ्या केंद्रापाशी पामिटेट बसलं की पकड घट्ट होते आणि पुटिकांवर (माल वाहणाऱ्या छोट्या पिशव्यांवर) स्वार होऊन ते पेशीच्या बाहेरच्या पटलापर्यंत पोचतं. तिथे पामिटेट निघालं की पकड सुटते, ते पेशीद्रवात तरंगत पुन्हा गॉल्जीपाशी येतं, आणि फेरी नव्याने सुरू होते. मेंदूत चेतापेशींच्या जोडावर पीएसडी-95 नावाचं प्रथिन टिकून राहतं तेही अशाच पामिटेटच्या आधाराने. हे बिघडणं नव्हे, प्रथिनाला योग्य जागी नेऊन ठेवणं आहे.

आता कॅन्सर. संदेशाला इथे एका खऱ्या संशोधनाचा आधार मिळतो, म्हणून जपून बोलायला हवं. 2021 मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आहारातल्या पामिटिक आम्लाने तोंडाच्या आणि त्वचेच्या कॅन्सरचं शरीरात पसरणं वाढलं. ओलेइक किंवा लिनोलेइक आम्लाने तसं झालं नाही. हा निष्कर्ष गंभीर आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. पण तो आधीच असलेल्या कॅन्सरच्या पसरण्याबद्दल आहे, कॅन्सर होण्याबद्दल नाही. त्यात दाखवलेली यंत्रणाही पेशींच्या जनुकांवर राहिलेल्या खुणांची आहे, प्रथिनांना पामिटेट चिकटण्याची नाही. शिवाय स्वादुपिंडाच्या बहुसंख्य कॅन्सरमध्ये ज्या के-रास या एन-रासच्या भावंडामध्ये बदल झालेला असतो, त्याच्या 4बी या मुख्य रूपावर पामिटेट बसतच नाही. पाम तेल बेताने खावं याला कारण आहे, पण ते वेगळं: संतृप्त मेदाने रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढतं.

मेंदूच्या आजारांबद्दलचा दावा मला सगळ्यात जास्त खुपतो. हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकारात बदललेल्या हंटिंग्टिन प्रथिनावर पामिटेट कमी बसतं. ते बसण्याची जागाच बदलून पाहिली, तेव्हा पेशींत प्रथिनाचे गोळे वाढले. म्हणजे संदेश सांगतो त्याच्या अगदी उलट.

पामिटेट न सुटण्याने होणारा आजारही आहे, सीएलएन1 नावाचा मेंदूचा आनुवंशिक आजार. यात पीपीटी1 हे एन्झाइम काम करत नाही. प्रथिनं मोडताना त्यांच्यावरचं पामिटेट लायसोसोममध्ये (पेशीच्या कचरा मोडणाऱ्या पिशवीत) काढलं जायला हवं, ते निघत नाही आणि कचरा साठत जातो. याच्या सर्वात लवकर सुरू होणाऱ्या प्रकारात बाळ आधी नीट वाढतं, हसतं, बसतं. मग साधारण पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकलेलं एकेक विसरू लागतं, झटके येतात, दृष्टी जाते. अशा बाळाच्या आईने हा संदेश वाचला तर ती स्वतःच्या स्वयंपाकालाच दोष देईल. तिच्या तेलाचा याच्याशी काहीही संबंध नाही. सदोष जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आली तर हा आजार होतो. त्या दोघांना स्वतःला काहीच त्रास नसतो. निदान होतं तेही बाळाच्या रक्तातलं पीपीटी1 किती काम करतं ते मोजून आणि जनुक तपासून. बाळाला किंवा आईला काय खायला दिलं होतं, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही.