घाईचा सराव

घाटरस्त्यांवर ‘अति घाई संकटात नेई’ अशा पाट्या लावलेल्या असतात. त्या रस्त्यापुरत्या खऱ्या मानाव्यात आणि मोबाइल हातात घेताच विसरून जाव्यात. आयुष्यभराची पुंजी एखाद्या दुपारी ओळखदेख नसलेल्या माणसाच्या हवाली करायची असेल, तर घाई अंगात मुरलेली असावी लागते आणि ती एका दिवसात मुरत नाही. फसलेला माणूस भोळा किंवा लोभी होता असे लोक परस्पर ठरवून टाकतात. त्याने वर्षानुवर्षे केलेला सराव कोणी लक्षातच घेत नाही.

हा सराव चोरांकडे जाऊन करावा लागत नाही; त्याची उत्तम सोय राजरोस चालणाऱ्या दुकानांतच आहे. खरेदीच्या ॲपवर ‘फक्त २ नग शिल्लक’ असे लाल अक्षरांत दिसले आणि शेजारी उलटे धावणारे घड्याळ सुरू झाले, की वस्तू हवी आहे का हा प्रश्न बाजूला ठेवावा. तेच घड्याळ उद्या त्याच दहा मिनिटांपासून पुन्हा धावताना दिसण्याचा संभव असतो, म्हणून उद्यापर्यंत थांबूच नये. घरपोच सेवेचे २५ रुपये वाचवण्यासाठी ८० रुपयांची बिस्किटे टोपलीत टाकावीत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्यांनी रचली त्यांना किमान ऑर्डरची कल्पना नव्हती. तिकीट काढताना विम्याच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण केलेली असेल तर ती तशीच राहू द्यावी, आणि ती काढायला जाताच ‘नको, मी असुरक्षित राहीन’ असे बटण पुढे आले तर ओशाळून परत फिरावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ क्लृप्त्यांची यादीच अधिसूचित करून त्यांना मनाई केली आहे. खोटी घाई, टोपलीत गुपचूप सरकवलेली वस्तू, ग्राहकाला लाजवणारे बटण, हे सारे त्या यादीत नावानिशी आहे. पण जे ग्राहक अटी वाचत नाहीत, ते ही यादी कुठून वाचणार?

मोफत चाचणीचे महत्त्व वेगळे सांगायला नको, कारण फुकट ते पौष्टिक हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. मी एका योगवर्गाच्या ॲपची सात दिवसांची मोफत चाचणी घेतली होती. आसन एकही केले नाही, पैसे मात्र अकरा महिने अत्यंत शिस्तीने जात राहिले. अशी आपोआप होणारी वजावट करण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि तसे संदेश मला अकराही वेळा आले होते. न वाचता संदेश पुसण्याचा माझा सराव तोवर बराच पुढे गेला होता. (त्याच काळात कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्या मावशींशी पाच रुपयांसाठी मी दोनदा भांडलो. काटकसर कुठेतरी दिसावी लागते.)

एवढी तयारी झाली की खऱ्या मंडळींचे फोन आणि संदेश सुरू होतात. आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडली जाईल, तातडीने या क्रमांकावर संपर्क साधा, असा संदेश एखाद्या अनोळखी मोबाइलवरून आला, तर वीज आपल्याकडे कधी सांगून गेली आहे का, असा विचार मनात आणू नये. लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या नावाअखेरीस ‘एपीके’ अशी अक्षरे असली तरी ती उघडावी. ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ हे शेवटी लिहिलेले आहे का, एवढे पाहायलाही थांबू नये. ती पत्रिका नसून तुमचे संदेश वाचायला बसलेले ॲप असते, त्यामुळे बँकेचा ओटीपी सांगण्याचे तुमचे कष्टही वाचतात. कोणी पैसे पाठवतो म्हणून यूपीआयचा पिन टाकायला सांगितले तर टाकावा, कारण पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही, हे आठवायला वेळ लागतो. घरबसल्या व्हिडिओ ‘लाइक’ करण्याच्या कामाचे पहिले दीडशे रुपये खरोखर खात्यात जमा झाले, तर आवळा आणि कोहळा आठवू नये. पुढच्या कामासाठी मागतील ती अनामत भरून टाकावी.

शेवटची परीक्षा डिजिटल अटकेची. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, असे व्हिडिओ कॉलवर गणवेशातील साहेब सांगतील. कॅमेरा बंद करायचा नाही आणि घरात कोणाला बोलायचे नाही, अशी ताकीद देतील. खऱ्या पोलिस ठाण्यात साधी तक्रार नोंदवायला गेल्यावर बाकावर किती वेळ बसावे लागते, ते अशा वेळी आठवू नका. इथे दोन-तीन खात्यांचे वरिष्ठ अधिकारी सकाळपासून केवळ तुमच्यासाठी खोळंबले आहेत. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरून सांगितले होते की कायद्यात डिजिटल अटक असा प्रकारच नाही. त्यांचा सल्ला होता: थांबा, विचार करा, मग कृती करा. त्यातली पहिली दोन कामे वगळली की तिसरे फार झपाट्याने होते.

पैसे गेल्यावर मात्र, आयुष्यात प्रथमच, मुळीच घाई करू नये. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन केल्यास पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवले जाण्याची भीती असते. बँकेलाही उशिरा कळवावे, कारण कळवल्यानंतर जे नुकसान होते ते रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेच्या माथी जाते, आणि बँकेला असा त्रास देणे बरे दिसत नाही. चार दिवस लाजेने गप्प राहावे, मुलांना कळू देऊ नये. पाचव्या दिवशी बहुधा एका सज्जनाचा फोन येईल. तुमचे गेलेले पैसे त्यांना सापडलेले असतील, ते परत मिळवण्याचे शुल्कही फार नसेल. फक्त ते आज संध्याकाळी पाचच्या आत भरायचे असेल.